एकच दारू, वेगवेगळी माणसं: ‘ड्रंकन कॉम्पोर्टमेंट’ आज कसं वाचायचं?

दारूबद्दल बोलताना आपण मराठीत तीन क्रियापदं अगदी सहज वापरतो. कुणाला दारू लगेच चढते, कुणाला ती पचते, तर कुणाला तिचं व्यसन लागतं. बोलताना आपला गोंधळ होत नाही. ‘त्याला पचते’ म्हणजे त्याला व्यसन नाही, असा अर्थ कुणी काढत नाही. पण संशोधनाच्या भाषेत आलो की या तिन्ही गोष्टींना मिळून एकच शब्द येतो: ‘प्रतिक्रिया’. मग प्रश्न तयार होतो, ‘दारू प्यायल्यावर माणसांच्या प्रतिक्रिया वेगवेगळ्या का असतात?’ प्रश्न छान वाटतो, प्रपोजलच्या पहिल्या पानावर शोभूनही दिसतो. अडचण एवढीच की यात किमान तीन प्रश्न दडलेले आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या पद्धतींनी शोधली जातात.

आज एक जुनं पुस्तक घेऊन हा गुंता सोडवून बघू. क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन यांचं ‘ड्रंकन कॉम्पोर्टमेंट’, प्रकाशन १९६९. दारू आणि संस्कृती या विषयावर काहीही वाचायला घ्या, या पुस्तकाचा उल्लेख येतोच. आणि बहुतेक ठिकाणी तो एका वाक्यात येतो: ‘दारूच्या अमलाखालचं वागणं शिकलेलं असतं.’ बस. पुस्तकाने हे सिद्ध कसं केलं, कुठे ते कमी पडलं, पुढच्या पन्नास वर्षांत त्याचं काय झालं, हे त्या वाक्यात येत नाही. पेट, नेट-सेट किंवा प्रपोजलची तयारी करणाऱ्यांनी नेमकं हेच बघायला हवं.

पुस्तक काय म्हणतं?

पुस्तक ज्या समजुतीवर हल्ला करतं ती आपल्याही ओळखीची आहे. दारू मेंदूचा वरचा, विचार करणारा भाग सुस्त करते, मग विवेकाचा लगाम सुटतो आणि आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर येतं. ‘प्यायला की माणूस खरं बोलतो’ किंवा ‘तो तसा चांगला आहे हो, दारू त्याच्याकडून करवते’ या दोन्ही वाक्यांच्या मागे हाच सिद्धांत आहे.

लेखकांचा मुद्दा साधा आहे. हे खरं असेल तर लगाम सगळीकडे सुटला पाहिजे, कारण मेंदू सगळ्यांना आहे आणि रेणूही तोच आहे. त्यांनी जगभरातली वर्णनं गोळा केली. ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या परिसरातले युरुना लोक पिऊन भांडत नाहीत, उलट स्वतःतच मिटून जातात, जणू आसपास कुणी नाहीच. पूर्व बोलिव्हियातले कांबा लोक तर सणासुदीला प्रचंड कडक दारू पितात. मानववंशशास्त्रज्ञ ड्वाइट हीथ यांनी १९५८ साली लिहिलं होतं की या दारूत सुमारे ८९ टक्के अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते ४२-४३ टक्क्यांच्या आसपास असतं, यावरून अंदाज करा. तरीही हीथ यांना त्या पिण्यात मारामारी किंवा लैंगिक स्वैराचार दिसला नाही.

याहून महत्त्वाची उदाहरणं एकाच समाजातली आहेत. अमेरिकेतल्या अॅरिझोना भागातले पापागो (ते आज स्वतःला तोहोनो ओओढाम म्हणवतात) निवडुंगाच्या फळांची दारू पावसाच्या विधीसाठी पीत, तेव्हा वातावरण शांत असे. तीच माणसं व्हिस्की पिऊ लागल्यावर चित्र बदललं. मेंदू तोच, रेणू तोच. बदलला तो प्रसंग आणि त्याचा अर्थ.

यातून लेखक दोन कल्पना मांडतात. पहिली ‘टाइम-आउट’ची: अनेक समाजांत दारू ही नेहमीच्या नियमांतून मिळालेली तात्पुरती सुट्टी असते. दुसरी ‘मर्यादेच्या आत’ ही: सुट्टी मिळाली तरी कुंपण असतंच आणि प्यायलेला माणूस सहसा ते ओलांडत नाही. बरं, हात थरथरणं, जीभ जड होणं, तोल जाणं हे ते नाकारत नाहीत. हे परिणाम सगळीकडे दिसतात, हे त्यांना मान्य आहे. त्यांचं भांडण फक्त वागणुकीपुरतं आहे. पुस्तकाला ‘सगळं संस्कृतीच ठरवते’ या खात्यात टाकणारे हा फरक विसरतात.

युक्तिवाद कुठे भक्कम आहे

तर्क तपासून बघा. ‘दारूमुळे लगाम सुटतोच’ हे सार्वत्रिक विधान आहे. असं विधान पाडायला एक पक्कं विरुद्ध उदाहरण पुरतं. लेखकांनी तशी कितीतरी दिली. म्हणजे पाडापाडीचं काम त्यांनी उत्तम केलं.

पण जुना सिद्धांत पाडला म्हणजे नवा आपोआप उभा राहतो का? नाही. ‘वागणं दारू ठरवत नाही’ इथपासून ‘वागणं समाज शिकवतो’ इथपर्यंत जायला वेगळा पुरावा लागतो. तो पुरावा या पुस्तकात बराच कच्चा आहे. शोधनिबंधाचं परीक्षण लिहिताना ही दोन कामं वेगळी करून दाखवलीत तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

पहिला आक्षेप: माहिती कुणी आणि कशासाठी गोळा केली?

पुस्तकातला बराचसा मजकूर दुय्यम साधनांतला आहे: प्रवासी, मिशनरी, व्यापारी आणि वेगळ्याच विषयासाठी गेलेले मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी जाता जाता दारूबद्दल लिहिलं, लेखकांनी ते एकत्र आणलं. कोण किती प्यालं, किती वेळात प्यालं, पोटात अन्न होतं का, रक्तातलं प्रमाण किती होतं, यातलं जवळपास काहीच नोंदलेलं नाही. दारू कडक होती हे कळतं, पण प्रत्येकाच्या शरीरात किती गेली हे कळत नाही.

हा काही बारीकसारीक मुद्दा नाही. सारखीच दारू प्यायलेल्या दोघांच्या रक्तातलं प्रमाण सारखं असतंच असं नाही. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच यासाठी सूत्र मांडलं. त्यात वजनाला ज्या गुणकाने गुणतात तो पुरुषांसाठी सरासरी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ च्या आसपास धरला जातो. कारण स्त्रियांच्या शरीरात सरासरीने पाण्याचा वाटा कमी असतो. म्हणजे वजन सारखं आणि पेग सारखे असले तरी प्रमाण वेगळं. जेवून प्यालं तर अल्कोहोल रक्तात हळू जातं, उपाशीपोटी झपाट्याने. ‘याला लवकर चढली’ यामागे कित्येकदा ना संस्कृती असते ना जनुक. फक्त दुपारचं जेवण राहिलेलं असतं!

दुसरी गोष्ट बघणाऱ्याच्या नजरेची. रॉबिन रूम यांनी १९८४ साली ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त एक लेख लिहिला. मानववंशशास्त्रज्ञ दारूचे प्रश्न सातत्याने कमी करून दाखवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अभ्यासकाला समाज एकसंध, सुरळीत चाललेला दिसतो, मग पिण्यातला आनंद आणि एकोपा वहीत उतरतो. त्रास मात्र घरात असतो, आजारपणात असतो, वर्षानुवर्षं साठत जातो आणि एका मुक्कामात तो दिसत नाही. शिवाय त्या पिढीतले अभ्यासक स्वतः अशा वातावरणात वाढले होते जिथे दारूबंदीची भाषा जुनाट वाटे. हा लेख आणि त्यासोबत छापलेल्या इतरांच्या प्रतिक्रिया एकत्र वाचा. टीका कशी करावी आणि टीकेला उत्तर कसं द्यावं, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं.

माझ्या मते यात आणखी एक प्रश्न जोडायला हवा: वर्णन कुणाच्या बाजूने आहे? सणाच्या दिवशी वर्तुळात बसून पिणाऱ्यांना विचारलं तर उत्तर एक येईल, त्यांना घरी आणणाऱ्या बायकांना विचारलं तर दुसरं. आपल्याकडे दारूचं दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’च्या बाजूने मत देणाऱ्या गावोगावच्या बायकांचं ज्ञान हेही वागणुकीबद्दलचंच ज्ञान आहे. १९६९ च्या या पुस्तकात त्या जागेवरून पाहिलेलं फारच कमी सापडतं.

दुसरा आक्षेप: शरीर सगळ्यांचं सारखंच?

पुस्तकाचा सगळा डोलारा एका गृहीतकावर आहे: शरीर स्थिर, संस्कृती बदलती. म्हणून वागण्यात फरक दिसला की तो संस्कृतीच्या खात्यावर. या गृहीतकाला तीनच वर्षांत धक्का बसला.

१९७२ साली पीटर वुल्फ यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. जपानी, तैवानी आणि कोरियन लोकांमध्ये थोड्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल होण्याचं प्रमाण युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपेक्षा कितीतरी जास्त आहे, असं त्यांना दिसलं. कुणी म्हणेल, आहार वेगळा, सवयी वेगळ्या. वुल्फ यांनी ही शंका आधीच ओळखली होती. त्यांनी तान्ह्या बाळांमध्येही अगदी कमी मात्रेत हीच तुलना केली आणि फरक तिथेही दिसला. बाळाने कुठली संस्कृती शिकलेली असणार? आजच्या नैतिकता समितीसमोर असा प्रयोग क्षणभरही टिकणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण ओळखून त्यालाच थेट भिडणारी रचना कशी असते, हे समजण्यासाठी तो निबंध वाचावा.

पुढे कारण सापडलं. यकृतात अल्कोहोलचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं अॅसिटेट. दुसरी पायरी मुख्यतः एएलडीएच-२ हे विकर पार पाडतं. पूर्व आशियातल्या अनेकांमध्ये या विकराच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो, त्यामुळे ५०४ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन येतं. हे विकर चार तुकड्यांनी बनतं आणि एखादा तुकडा बिघडला तरी काम मंदावतं. म्हणून बदललेली एकच प्रत आई किंवा वडिलांकडून आली तरी परिणाम जाणवतो. अॅसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. २००९ च्या एका आढाव्यानुसार पूर्व आशियातले सुमारे ३६ टक्के लोक, म्हणजे जगाच्या लोकसंख्येतले ८ टक्के, या गटात येतात. हा प्रश्न केवळ लाल चेहऱ्याचा नाही. एक प्रत असलेली माणसं तरीही पीत राहिली तर त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

गंमत म्हणजे ‘ड्रंकन कॉम्पोर्टमेंट’मधल्या शांतपणे पिणाऱ्या समाजांच्या यादीत जपानमधलं ताकाशिमा हे मासेमारांचं गावही आहे. तिथल्या लोकांचं हसतखेळत पिणं सगळंच्या सगळं संस्कृतीने ठरवलं, की त्यातल्या काहींना जास्त पिणंच शक्य नव्हतं? पुस्तकाच्या पद्धतीत या प्रश्नाला जागाच नाही.

इथे आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरी. इंग्रजी निबंधांत ‘एशियन’ असं लिहिलेलं असलं की आपण त्यात स्वतःला धरून चालतो. या विषयावरच्या बहुतेक निबंधांत त्याचा अर्थ चिनी, जपानी, कोरियन असा असतो. भारतातल्या बहुतेक लोकसमूहांत हा जनुकीय बदल क्वचितच सापडतो. त्यामुळे ‘आपण आशियाई, म्हणून आपल्याला दारू सोसत नाही’ असं वाक्य कुठे दिसलं तर तिथेच लाल पेनने गोल करा.

मग जनुकच खरं उत्तर का?

इथपर्यंत आलं की विद्यार्थी दुसऱ्या टोकाला पळतात. संस्कृती गेली, आता जनुक! पण तिथेही थांबायला हवं, आणि थांबवणारी आकडेवारी जपानमधूनच आली आहे.

हिगुची आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा अहवाल दिला. व्यसनावर उपचार घेणाऱ्या जपानी रुग्णांपैकी किती जणांत त्या बदललेल्या जनुकाची एक प्रत आहे, एवढंच त्यांनी वेगवेगळ्या वर्षांसाठी मोजलं. १९७९ मध्ये २.५ टक्के, १९८६ मध्ये ८ टक्के, १९९२ मध्ये १३ टक्के.

हे तीन आकडे नीट बघा. सर्वसाधारण जपानी लोकांत एक प्रत असणारे एक तृतीयांशाहून अधिक आहेत, म्हणजे जनुक संरक्षण देतं हे उघड आहे. पण तेरा वर्षांत ते संरक्षण बरंच पातळ झालं. तेरा वर्षांत लोकसंख्येतलं जनुक बदलत नाही. बदललं ते पिण्याभोवतीचं जग. चेहरा लाल होत असूनही, मळमळत असूनही पीत राहण्याला लावणारं काहीतरी जोरदार झालं. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर मात्र व्यसनापर्यंत पोचणारे जवळपास सापडत नाहीत, तिथे शरीराचा नकार फारच कडक असतो.

अर्थात हे आकडे रुग्णालयात आलेल्यांचे आहेत आणि उपचाराला कोण येतं हेही काळानुसार बदलू शकतं. ही मर्यादा लिहायलाच हवी. तरीही जनुक आणि समाज या दोघांना एकाच तक्त्यात काम करताना दाखवणारं इतकं सुटसुटीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ‘जनुक किती टक्के, परिस्थिती किती टक्के’ हा प्रश्नच अपुरा आहे, हे त्यातून दिसतं. जनुकाचा परिणाम किती हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि परिस्थिती बदलली की तो आकडाही बदलतो.

प्रयोगशाळेने काय जोडलं?

‘वागणं शिकलेलं असतं’ हा दावा गोष्टींवरून नव्हे, तर प्रयोगाने तपासता येईल का? १९७३ साली मार्लॅट, डेमिंग आणि रीड यांनी एक हुशार रचना वापरली. काहींना व्होडका-टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. आणि प्रत्यक्ष काय दिलं याच्याशी संबंध न ठेवता अर्ध्यांना ‘यात दारू आहे’ असं सांगितलं, अर्ध्यांना ‘नाही’ असं. झाले चार गट. चव तपासण्याच्या नावाखाली कोण किती पितं ते मोजलं. व्यसनी आणि साधे पिणारे, दोघांच्याही बाबतीत ग्लासात काय होतं यापेक्षा ग्लासात काय आहे असं त्यांना वाटत होतं, त्यावर पिण्याचं प्रमाण ठरलं. ‘एक घोट पोटात गेला की व्यसनी माणसाचा ताबा सुटतो, कारण रसायनच तसं आहे’ या समजुतीला तो मोठा धक्का होता.

या रचनेवर पुढे शेकडो पानं लिहिली गेली. १९८६ साली हल आणि बाँड यांनी अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. स्मरण, हालचाली, प्रतिसादाचा वेग अशा गोष्टींवर खऱ्या अल्कोहोलचा परिणाम ठळक होता. सामाजिक बंधनं असलेल्या वागण्यात, विशेषतः लैंगिक बाबतीत, ‘मी प्यायलोय’ या समजुतीचा वाटा दिसला. थोडक्यात, तोल रेणूमुळे जातो, पण ताळ सोडण्यात समजुतीचाही हात असतो. मॅकअँड्र्यू-एजर्टन यांच्या मूळ विभागणीला हा बऱ्यापैकी आधार आहे.

पण या रचनेचं कमजोर अंग ओळखा. ‘दारू नाही’ असं सांगून दारू देणं कमी मात्रेतच जमतं. मात्रा वाढली की डोकं हलकं होतं, जीभ जड होते आणि माणसाला कळतं. म्हणजे समजुतीचा प्रभाव आपण फक्त तिथेच नीट मोजू शकतो जिथे रेणूचा प्रभाव मुळात थोडा असतो. अर्धा खंबा रिचवलेल्या माणसाबद्दल हे प्रयोग फारसं सांगू शकत नाहीत. आणि हिंसेचे बरेच प्रसंग तर तिथेच घडतात.

या दोन टोकांना जोडायचा एक प्रयत्न स्टील आणि जोसेफ्स यांनी १९९० मध्ये केला. दारू लगाम तोडत नाही, लक्ष आखूड करते, असं ते म्हणतात. जे समोर ठळक आहे तेवढंच दिसतं, दूरचं धूसर होतं. समोर डिवचणारा असेल तर राग वाढतो, समोर गाणं असेल तर माणूस गाण्यात रमतो. मला हा सिद्धांत आवडतो, कारण तो धोका पत्करून भाकीत करतो: सावध करणारी गोष्टच समोर ठळक ठेवली तर प्यायलेला माणूस जास्त सावध व्हायला हवा. मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली बारमध्ये येणाऱ्यांच्या हातावर ‘एड्स जीव घेतो’ अशा अर्थाचा शिक्का मारून हे तपासलं. प्यायलेल्यांनी असुरक्षित संबंधांबद्दल खरोखरच जास्त सावध उत्तरं दिली. अर्थात हे हेतूबद्दलचे शब्द आहेत, प्रत्यक्ष कृती नव्हे. हेही लगेच नोंदवून ठेवा.

‘मर्यादेच्या आत’ या कल्पनेची अडचण इथे तुलनेने उघडी पडते. माणूस कुंपणाच्या आत राहिला तर लेखक म्हणतात, बघा, मर्यादा काम करते. बाहेर गेला तर म्हणता येतं, त्या समाजातली मर्यादाच तेवढी रुंद होती. कुठल्या निरीक्षणाने ही कल्पना खोटी ठरेल, ते पुस्तक सांगत नाही. मर्यादा कुठे आहे हे वागणं बघण्याआधी, वेगळ्या मार्गाने नोंदवलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

‘त्याला चढतच नाही’

आता उरलं तिसरं क्रियापद, लागणं. आपल्याकडे ‘कितीही पाजा, त्याला चढत नाही’ हे कौतुकाने सांगितलं जातं. मार्क शुकिट यांनी दोनशेहून अधिक तरुणांना दारू देऊन त्यांची प्रतिक्रिया मोजली आणि साधारण दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना दारू कमी जाणवली होती त्यांच्यापैकी ५६ टक्के व्यसनाधीन झाले होते. ज्यांना ती सर्वांत जास्त जाणवली होती, त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होतं. म्हणजे मित्रमंडळी ज्याला ताकद समजतात, ती धोक्याची खूण असू शकते. शरीराकडून ‘पुरे’ असा निरोप उशिरा येतो आणि तोवर माणूस पीत राहतो.

पण इथेही मोजमापाकडे बघा. न्यूलिन आणि थॉमसन यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं होतं की रक्तातलं प्रमाण चढत असताना मोजलं की व्यसनी वडिलांची मुलं जास्त उत्तेजित दिसू शकतात आणि उतरताना मोजलं की कमी परिणाम झालेली. तीच माणसं, तीच दारू, फक्त घड्याळाचा काटा वेगळ्या जागी.

शिवाय शुकिट यांचे सगळे सहभागी पुरुष होते. स्त्रियांबद्दल या निकालावरून थेट काही म्हणता येत नाही, हे सारांशात वगळलं जातं आणि मग वर्तमानपत्रात ‘संशोधन सांगतं’ म्हणून सगळ्यांना लागू होतं.

वाहतूक पोलिसांनी हा सगळा घोळ आपल्या परीने सोडवला आहे. मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. चालकाला चढली आहे का, पचते का, हे तिथे कुणी विचारत नाही. एक प्रश्न निवडला, एक मोजमाप ठरवलं.

हे भांडण कुणासाठी महत्त्वाचं आहे?

‘तो प्यायला म्हणून मारलं’ हे वाक्य घरात, पोलीस ठाण्यात, समुपदेशन केंद्रात रोज बोललं जातं. याला लगाम सुटण्याचा सिद्धांत नकळत दुजोरा देतो. मॅकअँड्र्यू आणि एजर्टन यांचं पुस्तक इथे आजही कामाचं आहे, कारण ते साधा प्रश्न विचारायला शिकवतं: तो साहेबाला का मारत नाही? वाटेत भेटलेल्या हवालदाराला का मारत नाही? लगाम सुटला असता तर सगळ्यांसाठी सुटला असता. घरी येऊन बायकोवरच हात उचलला जातो, म्हणजे कुठे काय खपतं याचा हिशेब प्यायल्यावरही शाबूत आहे. आपल्या कायद्यातही स्वतःहून प्यायलेल्या माणसाला ‘मला कळतच नव्हतं’ म्हणून जबाबदारीतून सहज सुटता येत नाही.

पण या पुस्तकाच्या आधाराने कुणी म्हणालं की ‘दोष दारूचा नाहीच, दुकानं चालू राहू द्या’, तर ते पुस्तकाच्या पुराव्यापलीकडे जाणं आहे. वागणं शिकलेलं असेल, पण दारू त्याला निमित्त पुरवते, लक्ष आखूड करते आणि हात सैल करते. माणूस जबाबदार आहे आणि दारूही धोकादायक आहे, ही दोन वाक्यं एकत्र नांदू शकतात. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करणारे निबंध खूप भेटतील. त्यांना बळी पडू नका.

तुमच्या प्रपोजलकडे वळताना

शेवटी थोडं कामाचं. विषय दारूचा असो, परीक्षेच्या ताणाचा असो की कीटकनाशकाला पिकाने दिलेल्या प्रतिसादाचा, खालचे चार प्रश्न लागू पडतात.

१. शीर्षकातला मोठा शब्द पद्धतीच्या भागात नेमका कशात बदलला? ‘प्रतिक्रिया’ म्हणजे लाल चेहरा, प्यायलेले मिलिलिटर, प्रश्नावलीतली खूण की दहा वर्षांनंतरचं निदान?

२. मात्रा मोजली आहे का? नसेल तर माणसामाणसांतला फरक आणि मात्रेतला फरक वेगळा कसा करणार?

३. कुठली गोष्ट स्थिर धरली आहे? १९६९ च्या पुस्तकाने शरीर स्थिर धरलं, नंतरच्या कित्येक जनुकीय निबंधांनी समाज स्थिर धरला. स्थिर धरलेली गोष्ट हलली तर निष्कर्षाचं काय होईल?

४. काय दिसलं असतं तर लेखकाने ‘माझं चुकलं’ असं म्हटलं असतं? याचं उत्तर निबंधात सापडलं नाही, तर तुमच्या परीक्षणाचा पहिला परिच्छेद तयार आहे.

पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर संपूर्ण वाचा, निदान टाइम-आउटबद्दलचा भाग तरी. इंग्रजी जड नाही, लेखकांची शैली भांडखोर आहे आणि त्यामुळे वाचायला मजा येते. वाचताना शेजारी वही ठेवा, पानाचे दोन रकाने करा: एकात ‘काय पाडलं’, दुसऱ्यात ‘काय उभं केलं’. पहिला रकाना भरत जाईल. दुसऱ्यात जिथे जागा रिकामी राहील, तिथे कदाचित तुमचा प्रश्न सापडेल.